गेटजवळचा सहावा बाक

नाव: पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत लिहून दिले आहे. वस्तीत, बाजारात व नातेवाइकांत मला कपाटकाका म्हणतात आणि त्याच नावाने हाक मारली तर मी वळून बघतो. वय: एकाहत्तर. धंदा: घरसामान हलवण्याचा, आता बंद. सध्या काय करता असे विचारल्यावरून काही नाही असे सांगितले. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "लिहा, मधेमधे करतात." ते लिहू नये असे मी सांगितले होते. राहणार: टेकडीच्या पायथ्याची जुनी वस्ती, पाण्याच्या टाकीमागची शेवटची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, कोणाच्याही दबावाखाली न येता सांगतो की,

वरील ठिकाणी मी व माझी बायको असे दोघेच राहतो. मुलगी लग्न होऊन लांब असते. ती फोनवर दोघांनाही एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगते, त्यामुळे आमच्या घरात कायम पहारा असतो.

हवालदारांनी मुद्द्यावर यायला सांगितले. बायको मधे बोलत असल्याने तिला बाहेरच्या खोलीत बसायला पाठवले. जाताना ती मला "पाणी पिऊन मग बोला" असे म्हणाली. मी पाणी प्यायलो.

माझ्यावर बाक चोरल्याची तक्रार आहे, ती समजण्यासाठी माझे काम आधी सांगावे लागेल. मी उभा जन्म लोकांची घरे इथून तिथे नेली. जड सामान एकट्याने हलवायचे झाले तर ते उचलायचे नसते, चालवायचे असते. कपाटाचा एक पाय जमिनीला टेकवून ठेवायचा व दुसरा पुढे फिरवायचा, मग तो टेकवायचा व पहिला फिरवायचा. कपाट आपले आपण चालते, आपण फक्त सोबत जायचे. फरशीला ओरखडे नकोत म्हणून पायांना जुन्या रजईच्या पट्ट्या बांधायच्या. प्रत्येक वस्तूच्या खालच्या अंगाला ती कुठे लावायची आहे ते खडूने लिहायचे. वस्तू जागेवर लागली आणि घरच्या बाईने "हं, इथेच" असे म्हटले की मग तिनेच ओल्या फडक्याने खडू पुसायचा. तोपर्यंत ती वस्तू वाटेत आहे असे आमच्यात समजतात. भरलेले सामान कधीही उचलायचे नाही, हाही आमच्यातला नियम आहे. आधी आत काय आहे ते बघायचे, ते निघू द्यायचे, मगच हात लावायचा. हे सगळे कशाला असे हवालदारांनी विचारले. पुढे लागेल म्हणून सांगितले.

टेकडीच्या पलीकडच्या बाजूला बायकोची थोरली बहीण तिच्या मुलाकडे राहते. तिला आम्ही अक्का म्हणतो. आई लवकर गेल्यामुळे बायकोला अक्कानेच वाढवले. सध्या अक्काला कोणी ओळखू येत नाही. पोटच्या मुलाला ती "आपण कोणाकडे आलात?" असे विचारते. मला ती नळ दुरुस्त करणारा समजते व कालचा नळ अजून गळतो म्हणून रोज रागावते. मी रोज माफी मागतो व स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून बंद करतो. तेवढ्याने तिचे समाधान होते.

अक्का केसांना कोणाला हात लावू देत नाही. सून गेली तर रडते, बाई ठेवली होती तिला चावली. फक्त माझ्या बायकोचा हात तिला चालतो. बायको रोज सकाळी जाते, तेल लावते, विंचरते, वेणी घालते. वेणी झाल्याशिवाय अक्का जेवत नाही. हा नियम तिचाच. बायको लहान असताना वेणी घातल्याशिवाय ताटावर बसायचे नाही, असे वळण अक्कानेच तिला लावले होते. बाकी सगळे विसरली, एवढे राहिले. म्हणून बायको एक दिवस गेली नाही तर अक्काचा एक उपास होतो. हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण सगळे प्रकरण या वेणीचे आहे, बाकाचे नाही.

पूर्वी टेकडी मोकळी होती. आमच्या वस्तीतून निघालेली पायवाट चढून, वळण घेऊन, पलीकडे अक्काच्या दारात उतरायची. वळणावर झाडाखाली एक सपाट काळा दगड होता. बायको जाता-येता त्यावर बसायची. आमचे लग्न ठरत होते तेव्हा मला बघायला ती व अक्का तिथेच येऊन बसल्या होत्या. मी डोक्यावर टेबल घेऊन खालून जात होतो, त्यामुळे त्यांना माझे तोंड दिसले नाही. पाय बघून पसंत केला, असे अक्का सगळ्यांना सांगायची.

पुढे ती जागा बिल्डरने घेतली व नवीन वसाहतीचे ठरले. तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये सर्वांची सभा झाली. खुर्च्या पोचवायचे काम माझ्याकडे होते म्हणून मी व बायको हजर होतो. उद्यान खात्याच्या बाईंनी त्या वेळी सर्वांसमोर सांगितले की नवीन घरे बांधायची तर जागेचा ठरलेला भाग बाग म्हणून मोकळा सोडावा लागतो. आधीपासून वाट असेल तर ती बुजवता येत नाही. ती नीट बांधून, झाडे लावून, बसायला बाक ठेवून सर्वांना खुली ठेवावी लागते, वसाहतीतल्यांना आणि बाहेरच्यांनाही. त्यानंतर बिल्डरच्या माणसाने पडद्यावर रंगीत चित्र दाखवले. त्यात वाट होती, झाडे होती, आणि अगदी वळणावर एका बाकावर एक बाई बसलेली होती. बायकोने मला कोपराने ढोसले व म्हणाली, "बघितलंत? माझी जागा राखून ठेवलीय."

मी म्हणालो, "ती तू कशी असशील? ती गप्प बसलीय."

तेच चित्र मोठे करून नव्या वसाहतीच्या खालच्या गेटजवळ फलकावर लावले आहे. ते अजून तिथे आहे. बायको जाता-येता त्या बाईकडे बघते. तिचे पाय दुखत नसावेत असे म्हणते.

वाट चांगली बांधली हे कबूल केले पाहिजे. खोटे कशाला बोलायचे. फरशी सपाट आहे, कडेला झाडे लावली आहेत, पाणी वेळेवर घालतात. वळणावरचा दगड मात्र यंत्राने फोडून नेला. त्या जागी गोल फरशी घालून ठेवली, म्हणजे बाक तिथे यायचा होता हे उघड आहे. बाक एकूण सहा आले. लोखंडी सांगाडा, लाकडी पट्ट्या, दोन्ही बाजूंना हात. उद्यान खात्याच्या पाहणीच्या दिवशी सगळे एका फोटोत यावेत म्हणून सहाही बाक गेटजवळ हिरवळीसमोर दोन रांगांत लावले. पाहणी झाली, फोटो झाला, आणि नव्या सुनेला पहिल्या दिवशी जिथे बसवावे तिथेच ती कायमची बसावी तसे ते बाक तिथेच राहिले. वरची गोल फरशी रिकामी राहिली.

याच सुमारास बायकोच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या व चालणे बंद करू नका, पण चढावर मधे बसल्याशिवाय चालायचे नाही असे बजावले. एका सकाळी वळणावर तिला दम लागला. बसायला काही नव्हते म्हणून ती खाली फरशीवर बसली. बसली ती उठेना. मी तिचे दोन्ही हात धरले. कशीबशी उठवून घरी आणली. घरी आल्यावर तिने तेलाची बाटली फडताळात मागे सारून ठेवली आणि म्हणाली, "उद्यापासून नाही जमायचं हो मला." एवढेच म्हणाली. भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी अक्का जेवली नाही असा भाच्याचा निरोप आला. तिसऱ्या दिवशीही तोच निरोप आला. बायको निरोप ऐकायची व खोलीतली नसलेली धूळ पुसत बसायची.

मोठ्या रस्त्याने का गेला नाहीत असे विचारल्यावरून सांगतो की तो वळसा फार लांबचा आहे, गाडीवाले एवढ्या जवळच्या भाड्याला थांबत नाहीत आणि बसची पायरी तिला चढवत नाही. मी तिला माझ्या हातगाडीवर बसवून न्यायची तयारी दाखवली होती. ती म्हणाली, "मी काय कपाट आहे?" तो विषय तिथेच संपला. नंतर मी घरची हात असलेली खुर्ची नेऊन वळणावर ठेवली. वसाहतीच्या रखवालदाराने बेवारस वस्तू म्हणून ती उचलून नेली. ती खुर्ची सध्या त्याच्या केबिनमध्ये आहे व तो तिच्यावर बसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यालाही दिवसभर उभे राहावे लागत होते.

मी वसाहतीच्या मॅनेजरांना भेटून एक बाक वळणावर हलवावा अशी विनंती केली. ते म्हणाले, "काका, आमच्या लोकांना गेटजवळच बसायला आवडतं. वर कोण जातंय?" मी म्हणालो, "आम्ही जातो." ते म्हणाले, "बघू." मी आयुष्यात पुष्कळ "बघू" ऐकले आहेत. त्या शब्दावर काही हलत नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून मीच हलवला. हे मी मान्य करतो. वरच्या रांगेतला, डावीकडून तिसरा. पायांना रजईच्या पट्ट्या बांधल्या, बाकाखाली खडूने "परत: गेट, वरची रांग, डावीकडून तिसरा" असे लिहिले, आणि सकाळी ऊन अंगावर यायच्या आत चालवत वळणावर नेला. वाटेत दम लागला की थांबून त्यावरच बसत होतो. सामान वाहताना त्याच सामानावर बसायला मिळाले असे माझ्या धंद्यात पहिल्यांदाच झाले.

मग घरी येऊन बायकोला म्हणालो, "चल, तेलाची बाटली घे."

ती म्हणाली, "मी सांगितलं ना तुम्हाला."

मी म्हणालो, "वळणापर्यंत चल. मग बघू." माझ्या तोंडून "बघू" ऐकून तिला संशय आला, पण आली. वळणावर बाक बघितल्यावर तिने आधी मागे वळून खालच्या गेटकडे पाहिले, मग माझ्या शर्टाकडे पाहिले. शर्ट घामाने भिजला होता. ती बाकाच्या एका टोकाला बसली आणि दुसऱ्या टोकाला हाताने फटका मारून मलाही बसायला सांगितले. त्या दिवशी अक्का जेवली. भाच्याने सांगितले की दोनदा वाढून घेतले.

हे त्यानंतर रोज चालू होते. किती दिवस ते मोजलेले नाही. सकाळी बाक वर जायचा आणि आम्ही परतलो की आमच्याबरोबर खाली यायचा. उतारावर बायको पुढे, बाक मधे, मी मागे, असे आम्ही तिघे उतरायचो. ती दमली की वाटेत कुठेही बसायची, बाक हजरच असायचा.

कोणी अडवले नाही का, असे विचारल्यावरून सांगतो की सामान नेणाऱ्या माणसाला कोणी अडवत नाही. उलट दार धरून उभे राहतात. माझी खुर्ची नेणाऱ्या त्याच रखवालदाराने मला दोनदा वाटेच्या तोंडाची साखळी वर धरून वाट दिली व "सांभाळून काका" म्हणाला. आता तो तसे काही झाले नाही असे म्हणतो. त्याची नोकरी आहे, त्याला त्रास देऊ नये. बागेच्या माळ्याला सगळे माहीत होते. तो झाडांना पाणी घालताना वळणावरची फरशी धुऊन ठेवायचा, आणि हे काम त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

घटनेच्या दिवशी, म्हणजे काल, आम्हाला अक्काकडे उशीर झाला. त्याचे कारण असे की बायको नेहमीप्रमाणे वेणी घालून उठत असता अक्काने तिचा हात धरला व खाली बसवले. मग तिचेच केस सोडले. माझ्या बायकोचे केस आता राहिले आहेत किती, पण अक्का ते बोटांनी सोडवत राहिली. कंगवा मागितला, मी दिला. तिने मधोमध भांग पाडला, तीन पेड घेतले, आणि घट्ट वेणी घातली. मग पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा आता जेवायला. आणि पळू नकोस."

बायको हलली नाही. नंतर हलली. मी तेवढ्यात नळ बघून आलो.

परत येताना बायको वळणावर "जरा टेकते" म्हणाली व बाकावर बसली. वेणी विस्कटू नये म्हणून मान वाकडी करून, गाल बाकाच्या पाठीला लावला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. मी तिच्या शेजारी बसलो नाही, उभाच राहिलो, कारण मी बसलो असतो तर बाक हलला असता. ऊन कलले तरी मी तिला उठवले नाही. बाक परत न्यायची वेळ टळून गेली हे मला कळत होते. ही माझी चूक आहे असे कोणाला वाटत असेल तर तसे लिहावे.

संध्याकाळी गेटजवळ बसणाऱ्या मंडळींना एक बाक कमी पडला. त्यांनी मॅनेजरांना सांगितले. मॅनेजर दोन रखवालदार घेऊन वाट चढून आले. बाक, बायको व मी असे तिघेही जागेवर सापडलो. मॅनेजर लांबूनच मोठ्याने म्हणाले, "हा बाक इथे कसा आला?"

मी म्हणालो, "चालत. हळू बोला, ती झोपलीय."

ते म्हणाले, "उठवा त्यांना. ही चोरी आहे."

रखवालदारांपैकी एकाने बाकाच्या हाताला धरले. मी बाकाच्या पाठीवर हात ठेवला व भरलेले सामान उचलत नाहीत असे त्याला सांगितले. तक्रारीत मी धक्काबुक्की केली असे म्हटले आहे. माझा हात बाकावर होता, माणसावर नव्हता. त्या रखवालदाराने माझे ऐकून हात काढला, हेही लिहावे.

त्यानंतर मॅनेजर काही बोलले व मी काही बोललो. मी काय बोललो ते लिहू नये असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, "काका, जबाब आहे, सगळं लिहावं लागतं." म्हणून सांगतो. मी असे म्हणालो की, "साहेब, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी हिला झोपलेली कधी बघितली नाही. माझ्या आधी उठते आणि माझ्यानंतर निजते. आज पहिल्यांदा बघतोय. मला ही फार आवडते हो. जरा वेळ बघू द्या, मग बाक काय, मलाही उचलून न्या." त्यावर मॅनेजर बाजूला जाऊन फोन करत राहिले. त्यांनी ठाण्याला कळवले ते तेव्हाच.

ठाण्याची गाडी आली. दोन शिपाई वर आले. त्यांनीही तिला उठवले नाही. एक शिपाई कठड्यावर टेकून आपल्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसला, हळू आवाजात. दिवे लागले तेव्हा बायकोने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिले, वेणी चाचपली, आणि म्हणाली, "बाक मी आणलाय. यांचा काही संबंध नाही." शिपायांना हसू आवरले नाही. तिला पाण्याची कळशी उचलवत नाही हे बघणाऱ्याला कळते. ती आजही तसाच जबाब द्यायला तयार आहे. तो घेऊ नये ही विनंती.

शिपायांनी बाक उलटा करून पाहिला, तेव्हा खाली खडूने लिहिलेला पत्ता मिळाला. चोर चोरलेल्या मालावर परत नेण्याचा पत्ता लिहीत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाय बाक वाटेच्या बाहेर कधी गेलेला नाही. तो वाटेसाठी आलेला बाक आहे आणि वाटेवरच होता.

मला भीती बाकाची नव्हती. मॅनेजरांनी काल सर्वांसमोर सांगितले की बाहेरचे लोक येऊन चोऱ्या करतात, आता चोरी लेखी झाली की वाटेच्या दोन्ही टोकांना कुलूप लावायचा अर्ज देता येईल. हे ऐकल्यावर बायकोने माझा हात घट्ट धरला. घरी गेल्यावर तिने तेलाची बाटली उचलली, ती फडताळात ठेवावी की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून ती तशीच हातात धरून बसली. म्हणून मी आज सकाळी स्वतः होऊन ठाण्यात आलो व फौजदारसाहेबांना सांगितले की मला काय शिक्षा द्यायची ती द्या, दंड करा, बसवून ठेवा, पण चोरी असे लिहू नका. माझ्या नावापुढे ते चालेल, वाटेच्या नावापुढे चालणार नाही. कुलूप लागले तर अक्का उपाशी राहील आणि ते लागायला मी कारण झालो असे होईल.

फौजदारसाहेबांनी उद्यान खात्याला फोन केला. सभेला आल्या होत्या त्याच बाई आल्या. त्यांनी केस कापले आहेत, पण मी आवाजावरून ओळखले. त्या आधी वळणावर जाऊन आल्या होत्या. बूट धुळीने भरले होते. त्यांनी मॅनेजरांना विचारले, "वरच्या गोल फरशीवर काय ठेवायचं ठरलं होतं?" मॅनेजर म्हणाले की तपासून सांगतो. बाई म्हणाल्या, "तपासायला कशाला लागतंय? तुमच्या गेटवर एवढं मोठं चित्र आहे." मग त्यांनी स्पष्ट सांगितले की वाट वसाहतीची नाही, सर्वांची आहे व तिला कुलूप लावता येणार नाही. बाकांच्या जागा ठरलेल्या आहेत, पाहणीच्या वेळी खात्यानेही वर चढून बघायला हवे होते, ते राहिले. आता वळणावरचा बाक तिथेच पक्का बसवला जाईल. मॅनेजरांनी त्यांच्यासमोर तक्रार मागे घेण्याचे कबूल केले. ते फार वाईट गृहस्थ आहेत असे माझे म्हणणे नाही. जाताना त्यांनी मला, "काका, एकट्यानं कसा नेलात हो?" असे विचारले. मी त्यांना या ठाण्यातले हे टेबल थोडे चालवून दाखवले. ते परत जागेवर ठेवले आहे.

बाकाखालचा खडू पुसू का, असे मी विचारले. प्रकरण कागदावर मिटेपर्यंत तसाच ठेवा, असे हवालदार म्हणाले. ते मला मान्य आहे. मात्र मिटल्यावर तो माझ्या बायकोने पुसायचा आहे. आधी तिने त्यावर बसून "हं, इथेच" म्हणायला पाहिजे.

यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही. हा जबाब माझ्या सांगण्यावरून हवालदारांनी लिहिला आणि माझ्या बायकोला आत बोलावून आम्हा दोघांसमोर पहिल्यापासून मोठ्याने वाचला. मधेमधे करतात हे वाक्य खोडायला मी सांगितले, पण तिने राहू द्यायला सांगितले, म्हणून राहिले आहे. वळणावर मी मॅनेजरांना जे म्हणालो तो भाग आला तेव्हा तिने एक दुरुस्ती सांगितली, ती अशी: ती झोपलेली नव्हती. झोप लागली होती हे खरे, पण मॅनेजर ओरडले तेव्हाच ती जागी झाली.

मग दिवे लागेपर्यंत डोळे का उघडले नाहीस, असे मी तिला हवालदारांसमक्ष विचारले. ती म्हणाली, "उघडले असते तर तुम्ही बोलायचं थांबला असतात. पुढचं ऐकायचं होतं मला."

सबब, मी माझ्या बायकोला झोपलेली पाहिली असे वर जे लिहिले आहे, त्यापैकी मॅनेजर ओरडेपर्यंतचे तेवढे खरे धरावे. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे, ऐकला आणि बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो. सहीच्या शेजारी तिनेही अंगठा उमटवला आहे. तिला सही येते, पण तिचा उजवा हात माझ्या हातात होता.